कवडशाने काढा आपल्या गच्चीचा अक्षांश आणि रेखांश

शाळेच्या प्रकल्पासाठी गच्चीवर काठी उभी करून अक्षांश-रेखांश काढलेले कागद दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात. गणित बहुतेकांचं बरोबर असतं. तरी दादरच्या गच्चीवरचं उत्तर कधी मीरा रोडला जातं, कधी मांडव्याला, तर कधी थेट अरबी समुद्रात. पृथ्वीवरच्या या रेषा काल्पनिक आहेत, पण तुमची गच्ची कुठल्या दोन रेषांवर आहे हे सूर्य अगदी नेमकं सांगतो. आपण चुकतो ते मांडणीत, टप्प्यांच्या क्रमात आणि अधिक-उण्याच्या चिन्हात. खालच्या क्रमाने केलंत तर उत्तर पाच-सात किलोमीटरच्या आत येतं. प्लाय, पत्रा आणि मोजपट्टी एवढ्याच सामानावर हे जमतं, म्हणून ते नीट जमावं असं मला मनापासून वाटतं.

आधी दिवस ठरवा

बहुतेक जण दोन्ही मोजमापं एकाच रविवारी उरकायला बघतात. तसं करू नका.

अक्षांशासाठी सूर्याची क्रांती लागते, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो आकडा. मार्चमध्ये हा आकडा दिवसाला ०.४ अंशाने बदलतो. त्यामुळे तक्त्यात एका दिवसाची चूक झाली तर नकाशावर ४४ किलोमीटर गेले. १९ ते २४ डिसेंबरच्या दरम्यान मात्र क्रांती जवळजवळ थांबलेली असते: दक्षिणेला २३.४ अंश, आणि २१-२२ तारखेला २३.४४. अक्षांश या आठवड्यात काढा.

रेखांशासाठी घड्याळ आणि सूर्य यांच्यातला फरक लागतो. पुस्तकात याला काल-समीकरण म्हणतात. सूर्य वर्षभर घड्याळाच्या चालीने चालत नाही, कधी मागे पडतो तर कधी पुढे जातो. डिसेंबरच्या शेवटी हा फरक रोज अर्ध्या मिनिटाने बदलतो, म्हणून तेव्हा रेखांशाच्या वाटेला जाऊ नका. ८ ते १४ फेब्रुवारीत तो स्थिर असतो: सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं १०-१४ सेकंद मागे. ११ फेब्रुवारीला १४ मिनिटं १४ सेकंद धरा.

इतर दिवशी मोजायचंच असेल तर दोन्ही आकडे त्या तारखेचे आणि त्या वर्षाचे घ्या. कोलकात्याच्या खगोल केंद्राचं राष्ट्रीय पंचांग दर वर्षी निघतं. मागच्या वर्षीचा तक्ता वापरू नका.

सामान

- चार फूट बाय चार फूट प्लाय, न वाकलेला. वर पांढरा चार्टपेपर चिकटवा.
- स्पिरिट लेव्हल आणि लाकडाच्या चार-पाच पाचरी.
- डब्याचा पातळ पत्रा, मधोमध ४ मिलिमीटरचं गोल भोक.
- गवंड्याचा ओळंबा. दोऱ्याला नट बांधला तरी चालतो.
- स्टूल, दोन विटा, लांब लोखंडी पट्टी, स्टीलचा टेप, टोकदार पेन्सिल.
- सेकंद दाखवणारं घड्याळ. मोबाइलची वेळ आपोआप लागू द्या, हाताने लावलेली नको.

यात होकायंत्र नाही, ते मुद्दाम. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया सुईला ओढतात. दोन पावलं सरकलात तरी उत्तर दिशा बदललेली दिसेल. इथे नेमकी दिशा आधी माहीत असण्याची गरजच नाही, अंदाज पुरतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून गच्चीची किल्ली घ्या. फेब्रुवारीचं मोजमाप सकाळी ९ ते दुपारी ४ चालतं आणि मध्ये कुणी प्लाय उचलून बाजूला ठेवला तर दिवस वाया जातो. पाण्याची टाकी आणि शेजारचा टॉवर यांच्या सावल्या कुठवर येतात तेही आदल्या दिवशी सकाळी १० आणि दुपारी ३:४५ ला वर जाऊन बघून ठेवा.

काठी नको, भोक हवं

काठीच्या सावलीचं टोक नीट बघा. ते रेघेसारखं संपत नाही, विरत जातं. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. सावलीचा गडद भाग जिथे संपतो तिथे तबकडीच्या वरच्या कडेचा प्रकाश पोहोचलेला असतो, आणि आपल्याला हवं असतं केंद्र. या एका गोष्टीने पाव अंशापर्यंत चूक होते, म्हणजे २५-३० किलोमीटर. सावली आखूड भरते आणि दादरचा माणूस मांडवा-किहीमच्या आसपास जाऊन पोहोचतो. काठी कितीही सरळ असली तरी ही चूक जात नाही.

पत्र्याच्या भोकातून मात्र कवडसा पडतो. तो सूर्याचंच चित्र असतो, आणि त्याचा मध्य म्हणजे सूर्याचा मध्य. एक मीटर उंचीवरून डिसेंबरच्या दुपारी पडलेला कवडसा साधारण दीड सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटरहून थोडा लांब असतो. अंडाकृती दिसतो, कडा मऊ असतात. त्याच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही कडांवर बारीक खुणा करा आणि मधला बिंदू घ्या. नजरेने मध्य ठरवू नका, कडा मोजून ठरवा.

टप्पा १: प्लाय समतल करा

सगळ्यात जास्त उत्तरं इथेच बिघडतात.

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुंबईतल्या गच्चीला उतार दिलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही. शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर इतका उतार उत्तरेकडे असेल तर डिसेंबरच्या मोजमापात अक्षांश सुमारे ०.२६ अंशाने वाढतो. दादरचे १९.०२ अंश होतात १९.२८, आणि तो झाला मीरा रोड. आमच्या इमारतीत पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं. दोन दिवस आकडेमोड तपासण्यात गेले. शेवटी एका मुलाने फरशीवर गोटी ठेवली आणि ती आपली आपण पाण्याच्या पाइपाकडे निघाली.

प्लाय जमिनीवर ठेवा आणि कोपऱ्यांखाली पाचरी सरकवा. स्पिरिट लेव्हल आधी उत्तर-दक्षिण ठेवा, मग पूर्व-पश्चिम, मग दोन्ही कर्णांवर.

*तपासा:* लेव्हल उचलून टोकाची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवा. बुडबुडा दुसरीकडे गेला तर लेव्हलच सदोष आहे. मग दोन्ही वेळा बुडबुडा मध्यापासून सारखाच सरकेल अशी पाचर लावा.

पाचरींभोवती खडूने खुणा करून ठेवा. उन्हाने प्लाय फुगतो, म्हणून दुपारी ३ च्या सुमाराला पुन्हा लेव्हल लावून बघा.

टप्पा २: भोक आणि त्याखालचा बिंदू

स्टूल प्लायच्या दक्षिण कडेबाहेर ठेवा. त्यावर लोखंडी पट्टी अशी ठेवा की तिचं टोक दहा-बारा सेंटिमीटर प्लायवर येईल. टोकाला पत्रा आडवा चिकटवा आणि पट्टीच्या मागच्या बाजूला विटांचं वजन द्या. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे असतो आणि कवडसा उत्तरेला पडतो. त्यामुळे स्टूल आड येत नाही. फक्त विटा भोकाच्या अगदी मागे, उंच रचलेल्या नकोत.

पत्र्याची उंची डिसेंबरात १०० सेंटिमीटर आणि फेब्रुवारीत ५० सेंटिमीटर ठेवा. फेब्रुवारीत सकाळी कवडसा लांब पडतो. एक मीटरवरून तो प्लायच्या बाहेर जाईल.

भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि तो प्लायवर जिथे टेकतो तिथे बारीक फुली मारा. या फुलीला आपण पाया म्हणू. सगळी अंतरं पायापासून मोजायची, स्टुलापासून किंवा पट्टीच्या टोकापासून नाही. हे काम सकाळीच उरका, कारण दुपारी खारे वारे सुटले की ओळंबा स्थिर राहत नाही.

*सावधान:* स्टीलच्या टेपचं टोकाचं आकडं सैल असतं. शून्यापासून न मोजता १० च्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा. डिसेंबरच्या मांडणीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे साडेतीन किलोमीटर.

*सावधान:* सूर्याकडे थेट किंवा भोकातून बघायचं नाही. मुलं वाकून भोकाला डोळा लावायला जातात. आधीच बजावून ठेवा.

टप्पा ३: अक्षांश (डिसेंबर)

घड्याळाचे १२ वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर, हा समज मनातून काढून टाका. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचं आहे, मिर्झापूरच्या बाजूचं. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला असल्यामुळे २२ डिसेंबरला आपली खरी दुपार १२:३७ च्या सुमाराला होते. १२ वाजता खूण करून गच्ची उतरणाऱ्यांची सावली लांब भरते आणि अक्षांश वाढतो.

१२:२० पासून १२:५५ पर्यंत दर दोन मिनिटांनी कवडशाचा मध्य नोंदवा. मग पायापासून प्रत्येक खुणेचं अंतर मोजा. सगळ्यात कमी अंतर हेच आपलं माप. घड्याळ पाच मिनिटं चुकलं असलं तरी इथे काही बिघडत नाही, कारण अक्षांशाला वेळ लागतच नाही.

आता गणित. समजा भोकाची उंची १००.० आणि कमीत कमी अंतर ९१.७ सेंटिमीटर.

९१.७ भागिले १०० = ०.९१७. मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर याचा टॅन इन्व्हर्स काढा: ४२.५२ अंश. सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून इतका दक्षिणेला कललेला होता. त्यातून क्रांती वजा करा: ४२.५२ − २३.४४ = १९.०८.

दादर स्टेशन १९.०२ वर आहे. म्हणजे आपण साडेसहा किलोमीटर चुकून सांताक्रूझला पोहोचलो, तेही फक्त दोन मिलिमीटरने. गच्चीवरच्या मापासाठी हे उत्तर चांगलं आहे.

*तपासा:* कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना? रेडियनवर असेल तर उत्तर ०.७४ येईल.

*चिन्हाची चूक:* हिवाळ्यात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो म्हणून क्रांती वजा होते. २१ मार्चनंतर तो उत्तरेला येतो, तेव्हा मिळवायची. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो मुंबईच्याही उत्तरेला जातो आणि कवडसा पायाच्या दक्षिणेला पडतो. तेव्हा क्रांतीतून कोन वजा करायचा. आधी कवडसा कुठल्या बाजूला आहे ते बघा, सूत्र नंतर निवडा.

टप्पा ४: रेखांश (फेब्रुवारी)

इथे घड्याळच सर्वस्व आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. ४ सेकंदांची चूक झाली की आपल्या अक्षांशावर पावणेदोन किलोमीटरचा फरक पडतो.

खरी दुपार कधी झाली हे ‘सर्वांत आखूड’ कवडशावरून ठरवता येत नाही. त्या वेळी दहा-दहा मिनिटं अंतर जवळजवळ सारखंच दिसतं. बरीच मुलं इथे फसतात आणि दोन-अडीच अंश चुकतात. उपाय असा: सकाळी आणि दुपारी कवडसा पायापासून सारख्याच अंतरावर कधी येतो ते नोंदवा आणि दोन वेळांचा मध्य घ्या.

१. पाया मध्य धरून प्लायवर ५५, ५८, ६१, ६४ आणि ६७ सेंटिमीटर त्रिज्येचे कंस काढा, वायव्येलाही आणि ईशान्येलाही. दोऱ्याने काढू नका, तो ताणला जातो. पट्टीला दोन भोकं पाडून काढा.

२. सकाळी १० च्या आधीच तयार बसा. कवडसा आत सरकत येतो. ६७ च्या कंसाने त्याचे दोन सारखे अर्धे केले त्या क्षणाची वेळ सेकंदासह लिहा. एकाने कवडशाकडे बघावं आणि ‘आत्ता’ म्हणावं, दुसऱ्याने घड्याळ वाचावं. एकट्याने केलं तर नजर वर नेईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. मग ६४, ६१, ५८, ५५. साधारण १०:३५ पर्यंत हे संपतं.

३. मधल्या वेळात कुणीही स्टुलाला हात लावायचा नाही. दुपारी ३ ला लेव्हल आणि ओळंबा तपासा.

४. ३:१० च्या सुमाराला कवडसा बाहेर जायला लागतो: आधी ५५, शेवटी ६७.

*जोडी लावताना:* सकाळची पहिली वेळ ही दुपारच्या शेवटच्या वेळेची जोडीदार. पहिलीला पहिली जोडलेले कागद मी दर वर्षी बघतो. वेळा एकाखाली एक लिहिण्याऐवजी प्रत्येक कंसासाठी वेगळी ओळ आखा, म्हणजे ही चूक होणारच नाही.

समजा ६७ च्या कंसाच्या वेळा १०:०३:२० आणि १५:४२:५० आहेत. बेरीज २५:४६:१०, निम्मं १२:५३:०५. अशा पाच जोड्यांचे मध्य काढून त्यांची सरासरी घ्या. एखादा मध्य बाकीच्यांपेक्षा अर्ध्या मिनिटाने वेगळा असेल तर तो सोडून द्या. बहुतेक वेळा तिथे मिनिट चुकीचं लिहिलेलं असतं.

आता तीन वजाबाक्या, याच क्रमाने.

पहिली: या दिवसांत सूर्य रोज उत्तरेला सरकतोय, म्हणून दुपारचा कवडसा कंसावर किंचित उशिरा येतो आणि मध्य सुमारे ७ सेकंद पुढे जातो. ते ७ वजा करा: १२:५२:५८. (नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोजलंत तर सूर्य दक्षिणेला सरकत असतो. तेव्हा हेच ७ सेकंद मिळवायचे.)

दुसरी: काल-समीकरणाचे १४ मिनिटं १४ सेकंद वजा करा: १२:३८:४४. हे विसरलात तर उत्तर ६९.२६ येईल, म्हणजे पावणेचारशे किलोमीटर आत अरबी समुद्रात.

तिसरी: त्यातून १२ तास काढा. उरली ३८ मिनिटं ४४ सेकंद, म्हणजे ३८.७३ मिनिटं. भागिले ४ = ९.६८ अंश. मुंबई प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे, म्हणून ८२.५ − ९.६८ = ७२.८२.

दादर स्टेशन ७२.८४ वर आहे. ७२.८२ म्हणजे वरळी कोळीवाडा. अडीच किलोमीटरची चूक!

*चिन्हाची चूक:* वजा करण्याऐवजी मिळवलंत तर ९२.१८ येतं, बंगालच्या उपसागरातलं ठिकाण. एवढंच आठवा: कोलकात्यात सूर्य आपल्या आधी उगवतो. आपल्याकडे दुपार उशिरा होते कारण आपण पश्चिमेला आहोत.

टप्पा ५: नकाशावर बिंदू मांडताना

इतकं सगळं नीट करून लोक शेवटच्या पायरीवर घसरतात. ७२.८४ म्हणजे ७२ अंश ८४ मिनिटं नव्हेत. एका अंशात मिनिटं साठच. ०.८४ गुणिले ६० = ५०.४, म्हणजे ७२ अंश ५०.४ मिनिटं. तसंच १९.०२ म्हणजे १९ अंश १.२ मिनिटं. मोबाइलचा नकाशा दशांश दाखवतो, ॲटलासमध्ये अंश-मिनिटं असतात. तुलना करण्यापूर्वी दोन्ही एकाच रूपात आणा.

अक्षांश आधी, रेखांश नंतर. उलट लिहिलंत तर ७२ उत्तर, १९ पूर्व होतं, आणि ते आहे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. आकड्यापुढे उत्तर-पूर्व लिहायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा.

अंतर काढताना आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर आणि रेखांशाचा १०५.३ किलोमीटर. सरसकट १११ ने गुणू नका.

टप्पा ६: मे महिन्यातली पडताळणी

मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. जुलैच्या २७-२८ तारखेला बहुधा ढग असतात, म्हणून मे हाती ठेवा. डिसेंबरात आलेला अक्षांश आणि त्या दिवसाची क्रांती यांची तुलना करा. दोन्ही आकडे जिथे सर्वांत जवळ येतील तो तुमचा शून्य सावलीचा दिवस. दादरसाठी तो १५ किंवा १६ मे निघतो.

त्या दिवशी तीच मांडणी लावा, उंची १०० सेंटिमीटर. या वेळी मात्र पट्टी प्लायवर अर्धा फूट आत आणा, कारण एक-दोन सेंटिमीटरचा फरक दोन्हीकडे मोजता यायला हवा. १२:२५ पासून बघत राहा. कवडसा पश्चिमेकडून येतो आणि १२:३५ च्या सुमाराला पायाच्या फुलीवर येऊन ती झाकतो. फुली त्याच्या मधोमध न येता कवडसा एक सेंटिमीटर उत्तरेला राहिला, तर त्या दिवसाच्या क्रांतीत ०.५७ अंश मिळवा, दक्षिणेला गेला तर तेवढेच वजा करा. हा झाला दुसऱ्या पद्धतीने काढलेला अक्षांश. डिसेंबरच्या आकड्याशेजारी तो तारखेसह लिहून ठेवा.